मृत्यूची साक्ष : सागरी शिंपल्यांतील नियोजित पेशीमृत्यूच्या अभ्यासाचा इतिहास

सारांश

उष्णता, क्षारतेतील बदल, जड धातू, रासायनिक विषे अथवा परजीवी यांचा ताण पडला असता सागरी शिंपल्यांच्या अनेक पेशी ठराविक क्रमाने स्वतःचा अंत घडवून आणतात. या क्रियेस नियोजित पेशीमृत्यू अथवा ॲपॉप्टोसिस असे म्हणतात. गेल्या तीन दशकांत ही क्रिया प्रदूषणाचे निदर्शक म्हणून वापरली जाऊ लागली आहे. प्रस्तुत लेखात या अभ्यासाचा इतिहास लुईझियाना, आर्काशों, न्यू इंग्लंड आणि चीन येथील प्रकरणांच्या आधारे मांडला आहे. पेशीचा मृत्यू हा प्राण्याने ताणाला दिलेला प्रतिसाद असून तो ताण कोणी निर्माण केला याचा स्वतंत्र पुरावा नव्हे, हे या इतिहासातून स्पष्ट होते.

बीजसंज्ञा : नियोजित पेशीमृत्यू, द्विपुटी मृदुकाय प्राणी, कालव, पर्किन्सस, कॅडमियम, जैवनिदर्शक.

प्रस्तावना

कालवे, मसल, तिसऱ्या यांसारखे द्विपुटी प्राणी किनाऱ्यावरील जीवनाच्या दृष्टीने एका विशेष परिस्थितीत जगतात. त्यांना जागा सोडून जाता येत नाही. भरतीच्या वेळी जे पाणी येईल ते गाळून त्यातील अन्न घ्यावयाचे आणि ओहोटीच्या वेळी कवच मिटून उन्हात तग धरावयाचा, हा त्यांचा नित्यक्रम होय. पाण्यात जे मिसळले असेल ते त्यांच्या कल्ल्यांतून व पचनग्रंथींतून जाते. म्हणूनच किनाऱ्यावर काही अघटित घडले की शिंपल्यांची मरतूक सर्वांत आधी नजरेस येते आणि तिच्या पाठोपाठ 'हे कोणामुळे झाले?' हा प्रश्न उभा राहतो.

हा प्रश्न केवळ शास्त्रीय नाही. त्याच्या उत्तरावर नुकसानभरपाईचे दावे, कारखान्यांवरील बंधने आणि मच्छीमार कुटुंबांची उपजीविका अवलंबून असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नाचे उत्तर प्राण्याच्या पेशीतच शोधता येईल अशी आशा निर्माण झाली. ती कशी निर्माण झाली, कितपत फळास आली आणि तिला कोणत्या मर्यादा पडल्या, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. लुईझियानातील वाद

अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात, मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर, १९४० च्या दशकात कालवांची मोठ्या प्रमाणावर मरतूक झाली. याच प्रदेशात त्या सुमारास तेलविहिरींचे काम वाढले होते. कालवांची शेती करणाऱ्यांनी साहजिकच तेल कंपन्यांवर ठपका ठेवला व भरपाईसाठी न्यायालयात धाव घेतली. आरोपांची शहानिशा करण्यासाठी टेक्सास ए. अँड एम. संशोधन प्रतिष्ठानाने 'प्रकल्प नऊ' या नावाने संशोधन हाती घेतले. त्याचा खर्च तेल कंपन्यांनीच दिला होता.

या संशोधनातून निघालेला निष्कर्ष अनपेक्षित होता. १९५० मध्ये जॉन मॅकिन, माल्कम ओवेन व अल्बर्ट कॉलियर यांनी कालवांच्या ऊतींत आढळलेल्या एका नव्या परजीवीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांनी त्याला डर्मोसिस्टिडियम मरिनम असे नाव दिले. १९५२ मध्ये सॅमी रे यांनी त्याच्या निदानाची सोपी पद्धत शोधली. कालवाच्या ऊतीचा तुकडा विशिष्ट संवर्धन द्रवात ठेवला असता परजीवीच्या पेशी आकाराने फुगतात आणि आयोडीन घातल्यावर निळसर काळ्या दिसतात. या पद्धतीमुळे निष्कर्ष इतरांना पडताळून पाहता आला. आरोपीच्या पैशातून निघालेला निष्कर्ष संशयास्पद मानला जाणे स्वाभाविक असते. येथे मात्र पडताळणीच्या सोयीमुळे तो टिकला. पुढे १९७८ मध्ये नॉर्मन लिव्हाइन यांनी या परजीवीसाठी पर्किन्सस ही प्रजाती निर्माण केली आणि आज तो पर्किन्सस मरिनस या नावाने ओळखला जातो.

तथापि या निष्कर्षाने तेल उद्योगाची संपूर्ण निर्दोष मुक्तता झाली असे म्हणणे योग्य ठरणार नाही. हा परजीवी उबदार आणि अधिक क्षारतेच्या पाण्यात फोफावतो. तेलविहिरींपर्यंत पोहोचण्यासाठी दलदलीत जे जलमार्ग खोदले गेले त्यांतून समुद्राचे खारे पाणी आतवर शिरू लागले, हेही पुढे मान्य झाले. तसेच १९९० च्या दशकाच्या आरंभी हा रोग अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मेन राज्यापर्यंत उत्तरेकडे सरकला. त्याचा संबंध अभ्यासकांनी सौम्य होत गेलेल्या हिवाळ्याशी जोडला आहे. याचा अर्थ असा की, कालव परजीवीने मारले तरी त्या परजीवीला अनुकूल ठरलेले पाणी माणसाच्या कृतीने बदललेले असू शकते. आरोपी एक नसून अनेक असतात, हा या प्रकरणाचा पहिला धडा होय.

२. पेशीमृत्यूच्या संकल्पनेचा विकास

लुईझियानातील संशोधकांपाशी परजीवी पाहण्याचे साधन होते, परंतु कालवाची पेशी कशी मरते हे विचारण्याची भाषा नव्हती. ती भाषा समुद्रकिनाऱ्यापासून दूर, निराळ्याच प्राण्यांच्या अभ्यासातून घडत होती.

वाढीच्या ओघात काही पेशी मरतात हे निरीक्षण जुने आहे. १८४२ मध्ये कार्ल फोक्ट यांनी एका जातीच्या भेकाच्या रूपांतरणात असा पेशीनाश नोंदविला. १८८५ मध्ये वाल्टर फ्लेमिंग यांनी अंडाशयातील पुटिकांत केंद्रक विखुरत जाणाऱ्या पेशींचे वर्णन केले. त्याआधी १८८२ मध्ये इल्या मेचनिकॉव्ह यांनी इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या डिंभात काटा टोचून त्याभोवती जमणाऱ्या भक्षीपेशी पाहिल्या होत्या. मरणारी पेशी आणि तिला गिळणारी पेशी ही दोन्ही निरीक्षणे अशा प्रकारे एकाच दशकात झाली, पण त्यांचा परस्परसंबंध लक्षात येण्यास बराच काळ जावा लागला. १९५१ मध्ये आल्फ्रेड ग्लुक्समन यांनी पृष्ठवंशी प्राण्यांच्या गर्भवाढीत पेशी नियमितपणे मरतात हे विस्तृत आढाव्यातून दाखवून दिले.

'नियोजित पेशीमृत्यू' ही संज्ञा १९६४-६५ च्या सुमारास रिचर्ड लॉकशिन आणि कॅरोल विल्यम्स यांच्या रेशीम पतंगावरील लेखमालेतून रूढ झाली. कोशातून बाहेर पडल्यानंतर पतंगाच्या उदरातील काही स्नायू संप्रेरकांच्या संकेतानुसार ठरल्या वेळी नष्ट होतात, असे त्यांनी दाखविले. १९७२ मध्ये जॉन कर, अँड्र्यू वायली व ॲलिस्टर करी यांनी 'ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर'मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात या मृत्यूला ॲपॉप्टोसिस हे नाव दिले. झाडाची पाने अथवा फुलाच्या पाकळ्या गळून पडणे असा या ग्रीक शब्दाचा अर्थ असून तो ॲबरडीन विद्यापीठातील ग्रीक भाषेचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक यांनी सुचविला होता.

या लेखाने दोन प्रकारच्या मृत्यूंतील भेद स्पष्ट केला. आघाताने मरणारी पेशी फुगते, फुटते आणि तिच्यातील द्रव्ये बाहेर पडून आजूबाजूस दाह होतो. याला ऊतकनाश म्हणतात. उलट नियोजित मृत्यूत पेशी आक्रसते, तिचे केंद्रकद्रव्य घट्ट होते, तिचे वेष्टित तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते निमूटपणे गिळून टाकतात. पहिल्या प्रकारात पेशी मारली जाते, दुसऱ्यात ती आवराआवर करून निघून जाते. या दुसऱ्या क्रियेस ऊर्जा लागते, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

या क्रियेमागील जनुके एका सूक्ष्म गोलकृमीत सापडली. सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स या कृमीच्या वाढीत १,०९० कायिक पेशी निर्माण होतात व त्यांपैकी नेमक्या १३१ मरतात. १९८६ मध्ये हिलरी एलिस व रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी या मृत्यूस आवश्यक असणारी जनुके दाखविली. १९९३ मध्ये त्यांतील एका जनुकाचे सस्तन प्राण्यांतील प्रथिनविघटक विकराशी साम्य आढळले आणि कॅस्पेस या विकरकुलाच्या अभ्यासाला गती मिळाली. त्याच वर्षी कीटकांना होणाऱ्या एका विषाणूत पेशीमृत्यू रोखणाऱ्या प्रथिनाचे जनुक सापडले. या 'मृत्युरोधक' प्रथिनांचा उल्लेख पुढे कालवाच्या संदर्भात पुन्हा येणार आहे. सिडनी ब्रेनर, हॉर्विट्झ व जॉन सल्स्टन यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि पेशीमृत्यू हा जीवशास्त्राचा मध्यवर्ती विषय ठरला.

३. शिंपला निदर्शक कसा झाला

याच काळात समुद्रविज्ञानात एक वेगळा विचार रुजत होता. १९७५ मध्ये एडवर्ड गोल्डबर्ग यांनी जगभरच्या किनाऱ्यांवरील मसल तपासून प्रदूषणावर नजर ठेवावी असे सुचविले. ही कल्पना 'मसल वॉच' या नावाने प्रसिद्ध झाली आणि १९८६ पासून अमेरिकेत तिला राष्ट्रीय कार्यक्रमाचे रूप आले. पाण्यातील विषाचे प्रमाण क्षणाक्षणाला बदलते, शिंपला मात्र ते शरीरात साठवून ठेवतो, हे या योजनेमागील तत्त्व होते.

परंतु शरीरात किती धातू साठला हे कळल्याने त्या धातूने प्राण्याचे काय केले हे कळत नाही. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न इंग्लंडमधील प्लिमथ येथे झाला. मायकेल मूर, डेव्हिड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मसलच्या पेशींतील लयकारिकांचे आवरण ताणामुळे कमकुवत होते हे दाखविले. जिवंत रक्तपेशींना न्यूट्रल रेड हा रंग देऊन तो लयकारिकांत किती वेळ टिकतो हे मोजावयाचे, अशी ही साधी व स्वस्त पद्धत होती. निरोगी पेशीत रंग दीर्घकाळ टिकतो, तर ताणग्रस्त पेशीत तो लवकर पाझरतो. शिंपल्याची पेशी ही मोजमापाची जागा होऊ शकते हे या कामामुळे प्रस्थापित झाले.

पुढील पाऊल तंत्राच्या उपलब्धतेमुळे शक्य झाले. १९९२ मध्ये इस्रायलमधील संशोधकांनी 'ट्यूनेल' ही पद्धत प्रसिद्ध केली. नियोजित मृत्यूत केंद्रकातील डीएनएचे तुकडे होतात आणि या तुकड्यांच्या टोकांना विकराच्या साहाय्याने खूण जोडता येते. डीएनएची टोके सर्व प्राण्यांत सारखीच असल्याने ही पद्धत उंदराइतकीच शिंपल्यालाही लागू पडते. मृदुकाय प्राण्यांसाठी स्वतंत्र प्रतिद्रव्ये उपलब्ध नसल्याने जे काम अडले होते ते यामुळे मोकळे झाले आणि काही वर्षांतच शिंपल्यांवरील निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले.

४. आर्काशोंचा उपसागर : विष आणि कायदा

लुईझियानात संशय विषावर होता आणि सापडला परजीवी. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरील आर्काशों येथे याच्या उलट घडले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील कालवांची पैदास वर्षानुवर्षे जवळजवळ थांबली. प्रौढ कालवांची कवचे विकृत व पोकळ थरांची होऊ लागली. क्लोद अल्झियू व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून दोष नौकांना लावल्या जाणाऱ्या रंगाकडे गेला. नौकेच्या तळाला शेवाळ व बार्नेकल चिकटू नयेत म्हणून त्या रंगात ट्रायब्यूटिल टिन हे कथिलाचे सेंद्रिय संयुग मिसळलेले असे आणि उपसागरात विहारनौकांची दाटी होती.

फ्रान्सने जानेवारी १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान नौकांवर हा रंग वापरण्यास बंदी घातली. त्यानंतर कालवांची पैदास पुन्हा सुरू झाली. १९८७ मध्ये ब्रिटननेही लहान नौकांसाठी बंधने आणली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये याविषयीचा करार स्वीकारला आणि तो २००८ मध्ये अमलात आला.

या संयुगाने मसलच्या कल्ल्यांतील पेशींत नियोजित मृत्यू घडून येतो हे क्रोएशियातील संशोधकांनी दाखविले ते २००१ मध्ये, म्हणजे फ्रान्सच्या बंदीनंतर एकोणीस वर्षांनी. हा कालक्रम लक्षात घेण्याजोगा आहे. उपसागर वाचला तो पेशीच्या पातळीवरील पुराव्याची वाट न पाहता. पैदास थांबणे, कवच विकृत होणे, नौकांची गर्दी असलेल्या भागात हानी अधिक असणे आणि रंग थांबविताच सुधारणा होणे, एवढी साखळी निर्णयासाठी पुरेशी होती. पेशीमृत्यूच्या अभ्यासाने विष कसे काम करते ते सांगितले, दोष कोणाचा हे आधीच ठरले होते. सूक्ष्म पुरावा हा स्थूल निरीक्षणाला पूरक असतो, त्याचा पर्याय नसतो, असा या प्रकरणाचा दुसरा धडा सांगता येईल.

५. साक्षीचे अर्थ : कॅडमियम, परजीवी आणि विषाणू

एकविसाव्या शतकाच्या आरंभी कालवांवरील दोन संशोधनांनी पेशीमृत्यूच्या मोजमापाचा अर्थच अधिक गुंतागुंतीचा केला.

पहिले संशोधन कॅडमियम या विषारी धातूविषयी होते. २००४ मध्ये इना सोकोलोव्हा व सहकाऱ्यांनी पूर्व अमेरिकी कालवाच्या रक्तपेशी कॅडमियमच्या निरनिराळ्या तीव्रतेत ठेवल्या. लिटरला १० ते १०० मायक्रोमोल या मर्यादेत तीव्रता वाढली तसे नियोजित मृत्यूचे प्रमाणही वाढले. मात्र २०० मायक्रोमोल व त्यापुढे ते वाढेनासे झाले आणि त्याऐवजी ऊतकनाश वाढला. पेशीची ऊर्जानिर्मितीच कोलमडल्याने तिला नियोजित मृत्यूही परवडला नाही, असे याचे स्पष्टीकरण दिले गेले. याचा व्यावहारिक परिणाम असा की, एखाद्या ठिकाणच्या कालवांत नियोजित मृत्यू कमी आढळला तर तेथील पाणी स्वच्छ आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. ते पाणी अतिशय विषारी असण्याचीही शक्यता उरते. केवळ एक आकडा पाहणाऱ्या अभ्यासकास स्वच्छ आणि अतिदूषित खाडी सारखीच भासेल.

दुसरे संशोधन परजीवीविषयी होते. २००३ मध्ये इंके सुनिला व ज्युली लाबांका यांनी पूर्व अमेरिकी कालवातील संसर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निरोगी कालवातही अनेक रक्तपेशी नियमितपणे नियोजित मृत्यू पावत असल्याचे त्यांना दिसले. याचे कारण या पेशींच्या कामात आहे. कालवात आपल्यासारखी प्रतिद्रव्ये नसतात. बाहेरून आलेले कण रक्तपेशी गिळतात व शरीराबाहेर वाहून नेतात. लेस्ली स्टॉबर यांनी १९५० मध्येच कालवाच्या हृदयात काळी शाई टोचून हे दाखविले होते. काम संपलेल्या पेशीने मरणे हा आरोग्याचा भाग होय. पर्किन्ससच्या तीव्र संसर्गात मात्र रक्तपेशींचे हे मरण मंदावल्याचे आढळले. परजीवी ज्या पेशीने गिळला तिच्यातच तो राहतो, वाढतो आणि तिला मरू देत नाही, कारण तीच त्याचे घर व वाहन असते. पुढे २०१० मधील प्रयोगांनीही पर्किन्सस कालवाच्या रक्तपेशींचा मृत्यू दडपतो या मताला दुजोरा दिला.

या दोन निष्कर्षांनी 'पेशीमृत्यू अधिक म्हणजे प्रदूषण अधिक' हे सोपे समीकरण मोडीत निघाले. लुईझियानाचा जुना वाद पेशीच्या पातळीवर पुन्हा उभा राहिला असेही म्हणता येईल. मध्यम विषाने मृत्यू वाढतो, तीव्र विषाने त्याचे स्वरूप बदलते आणि परजीवीने तो घटतो. हे तिन्ही घटक एकाच खाडीत एकाच वेळी असू शकतात.

फ्रान्समधील पॅसिफिक कालवांच्या मरतुकीचा इतिहासही हेच सांगतो. उन्हाळ्यातील या मरतुकीसाठी दीर्घकाळ उष्णता, प्रजननाचा थकवा, जीवाणू व विषाणू अशी निरनिराळी कारणे पुढे केली जात होती. २००८ पासून एका नागीणवर्गीय विषाणूच्या नव्या प्रकाराने कोवळ्या कालवांचा मोठा संहार केला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले की, विषाणू प्रथम रक्तपेशींना ग्रासून प्रतिकारशक्ती खच्ची करतो आणि त्यानंतर जीवाणू प्राण्याचा अंत घडवितात. पाणी सुमारे १६ अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय साथ सहसा सुरू होत नाही. कारणे परस्परांची पर्यायी नसून एकामागून एक येणारी होती.

६. न मरणारी पेशी

पेशीमृत्यू न घडणे हेही संकटाचे लक्षण असू शकते याचे ठळक उदाहरण न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर मिळाले. माया ॲरेनेरिया या वाळूत राहणाऱ्या पातळ कवचाच्या शिंपल्यांत १९७० च्या दशकापासून रक्ताच्या कर्करोगासारखा आजार नोंदविला जात होता. रोगट पेशी शरीरभर पसरून शिंपला मरत असे. या आजारासाठी तेल, पीसीबी यांसारखी प्रदूषके व विषाणू यांच्यावर संशय घेतला गेला.

२००६ मध्ये चार्ल्स वॉकर व सहकाऱ्यांनी या पेशी का मरत नाहीत याचा उलगडा केला. बिघडलेल्या पेशीला मृत्यूकडे नेणारे पी-५३ हे प्रथिन त्यांच्यात असते, परंतु मॉर्टालिन नावाचे दुसरे प्रथिन त्याला पेशीद्रवात अडकवून ठेवते. केंद्रकात पोहोचू न शकल्याने त्याचा आदेशच निघत नाही. २०१५ मध्ये मायकेल मेट्झगर, कॅरोल रायनिश, स्टीफन गॉफ व सहकाऱ्यांनी त्याहून आश्चर्यकारक गोष्ट दाखविली. न्यू यॉर्क, मेन आणि कॅनडातील प्रिन्स एडवर्ड आयलंड येथील रोगट पेशींची जनुकीय ओळख परस्परांशी जुळत होती, मात्र ज्या शिंपल्यांत त्या राहत होत्या त्यांच्याशी जुळत नव्हती. म्हणजे हा कर्करोग प्रत्येक शिंपल्यात नव्याने उद्भवत नव्हता. एकाच मूळ शिंपल्याच्या पेशी समुद्राच्या पाण्यातून एकाकडून दुसऱ्याकडे जात होत्या. २०२३ मधील जनुकीय अभ्यासाने या पेशीवंशाचे वय किमान २०० वर्षे असल्याचा अंदाज वर्तविला. पेनसिल्व्हेनियातील पहिली प्रसिद्ध तेलविहीर १८५९ ची आहे. यावरून या रोगाचा उगम तेल उद्योगाच्या आधीचा ठरतो.

यामुळे प्रदूषणाचा या रोगाशी काहीच संबंध नाही असे सिद्ध होत नाही. ताणग्रस्त शिंपल्यात परक्या पेशीला थारा मिळणे सोपे जात असेल काय, हा प्रश्न उरतोच. परंतु उगमाचा दोष आणि प्रसाराचा दोष वेगळे ठेवले पाहिजेत, हे मात्र निश्चित झाले.

७. कालवाचा जनुकसंच

२०१२ मध्ये चीनमधील चिंगदाओ येथील समुद्रविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने पॅसिफिक कालवाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यात मृत्युरोधक प्रथिनांची ४८ जनुके आढळली. माणसात अशी केवळ ८ जनुके आहेत. उष्णतेपासून प्रथिनांचे रक्षण करणाऱ्या एचएसपी-७० या कुलातील जनुके माणसात १७, तर कालवात ८८ निघाली. ओहोटीच्या वेळी उन्हात तापलेले हे कालव ४९ अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान सहन करू शकते.

या आकड्यांचा अर्थ कालवाच्या जीवनक्रमात शोधावा लागतो. दिवसातून दोनदा उन्हात पडणाऱ्या प्राण्याने प्रत्येक आघाताला पेशीमृत्यूने उत्तर दिले तर त्याच्या शरीरात काहीच शिल्लक राहणार नाही. म्हणून आघात सोसून मृत्यू लांबणीवर टाकण्याची क्षमता त्याने उत्क्रांतीच्या ओघात साठविली आहे. या दृष्टीने पाहता तणावाखाली कालवाची पेशी मरते तेव्हा तो पहिला प्रतिसाद नसून बऱ्याच प्रतिकारानंतरचा असतो.

या क्षमतेलाही सीमा आहे. जून २०२१ मध्ये कॅनडा व अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर उष्णतेची तीव्र लाट आली. काही खडकांचे तापमान ५० अंशांच्या वर गेले. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील ख्रिस्तोफर हार्ली यांच्या अंदाजानुसार त्या काही दिवसांत किनाऱ्यावरील एक अब्जाहून अधिक प्राणी मेले आणि त्यांत मसलची संख्या फार मोठी होती. इतक्या वेगवान आघातात पेशीला नियोजनास अवधी मिळत नाही.

८. भारतीय किनाऱ्याचा संदर्भ

महाराष्ट्रात शिंपल्यांच्या अभ्यासाला स्वतःची परंपरा आहे. रत्नागिरी येथे १९५८ मध्ये सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र सुरू झाले. समुद्रापासून दूर असलेल्या मराठवाडा विद्यापीठातून आर. नागभूषणम व यू. एच. माने यांनी १९७० च्या दशकात रत्नागिरीजवळच्या काळबादेवी खाडीतील शिंपल्यांची वाढ, प्रजनन आणि शरीरक्रिया यांचा अभ्यास केला. ऋतुमानानुसार शिंपल्यात काय बदलते याच्या अशा नोंदी आजच्या दृष्टीने विशेष मोलाच्या ठरतात. पावसाळ्यात कोकणातील खाड्यांची क्षारता झपाट्याने उतरते व पुढे उन्हाळ्यात वाढत जाते. हा नैसर्गिक ताण माहीत नसेल तर पेशीत आढळलेला बदल पावसाचा की कारखान्याचा, हे सांगता येणार नाही.

२०१० या एकाच वर्षातील दोन घटना येथे एकत्र पाहाव्यात. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा व खलिजिया-३ या जहाजांची टक्कर होऊन समुद्रात तेल पसरले आणि काही काळ मासळी खाणे टाळण्याचे आवाहन करण्यात आले. त्याच वर्षी भारताच्या आग्नेय किनाऱ्यावरील मोत्यांच्या कालवात पर्किन्सस ओल्सेनाय हा परजीवी आढळल्याची दक्षिण आशियातील पहिली नोंद प्रसिद्ध झाली. म्हणजे लुईझियानातील वादातले दोन्ही संशयित, तेल आणि परजीवी, भारतीय किनाऱ्यावरही उपस्थित आहेत. उद्या कोकणातील एखाद्या खाडीत कालवांची वा तिसऱ्यांची मरतूक झाली तर ओहोटीला शिंपले वेचून घर चालविणाऱ्या स्त्रीला भरपाई मिळणे अथवा न मिळणे हे तिच्या खाडीची आधीची नोंद उपलब्ध आहे की नाही यावर अवलंबून राहील.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, शिंपल्यातील नियोजित पेशीमृत्यू ही हानीची खूण असतेच असे नाही. निरोगी प्राण्यातही तो चालू असतो आणि त्याचे थांबणे हेही रोगाचे लक्षण असू शकते. दुसरी, ताणाची तीव्रता व पेशीमृत्यूचे प्रमाण यांचे नाते सरळ नाही. त्यामुळे नियोजित मृत्यू, ऊतकनाश आणि पेशीतील ऊर्जा यांचे मोजमाप एकत्र केले पाहिजे. तिसरी, परजीवीची तपासणी केल्याविना प्रदूषणाचा आणि पाण्याची तपासणी केल्याविना परजीवीचा निष्कर्ष काढणे दोन्ही सारखेच अपुरे होय. चौथी, आर्काशोंच्या अनुभवानुसार स्थूल पुरावा पुरेसा असेल तेथे सूक्ष्म पुराव्याच्या प्रतीक्षेत निर्णय लांबविणे समर्थनीय नाही.

किनारी जिल्ह्यांतील महाविद्यालयांना या बाबतीत मोठे कार्य करता येण्यासारखे आहे. न्यूट्रल रेडची चाचणी आणि पर्किन्सससाठीची रे यांची पद्धत या दोन्हींना महागडी उपकरणे लागत नाहीत. एकाच खाडीतील शिंपल्यांची दर महिन्याला अशी तपासणी करून तापमान व क्षारतेसह ती नोंदवून ठेवणे हे पदव्युत्तर प्रयोगशाळेच्या आवाक्यातील काम आहे. अपघातानंतर घेतलेला नमुना शिंपला कसा मेला एवढेच सांगू शकतो. तो त्यापूर्वी कसा जगत होता हे सांगण्यासाठी अपघातापूर्वीची नोंदवहीच लागते.